हेडर मोठं कर, हेमा

“मुंग्या सोडल्यात नुसत्या. वर मुंग्या, खाली मुंग्या. कागद आहे का वारूळ?”

नाना हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हते. चहाचा कप घेऊन मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते, म्हणून ते थेट माझ्या कानात पडलं. हातातला कागद त्यांनी आधी नाकाला लावला, मग हात पुरेल तितका लांब नेला, मग खिडकीकडे वळवला, आणि शेवटी सगळा दोष खिडकीचाच असल्यासारखी मान हलवली.

“नाना, चहा.”

“ठेव. आणि हेडर मोठं कर, हेमा.”

“काल केलं होतं की.”

“केलं होतंस तर गेलं कुठं? फिरायला?”

नाना म्हणजे माझे सासरे. वासुदेव बऱ्हाटे, मालगाडीचे निवृत्त गार्ड. भुसावळात रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस गल्लीगल्लीत सापडतो, पण नानांइतका डोळ्यांचा अभिमान कुणाला नव्हता. ड्रायव्हर गाडीच्या पुढच्या टोकाला आणि नाना मागच्या, तरी वळणावरचा सिग्नल आधी नानांना दिसायचा, असं ते शपथेवर सांगत. रेल्वेच्या मेडिकलला डॉक्टरने तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली, तर नानांनी ती वाचून त्याखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं होतं, पत्त्यासकट. ही गोष्ट मी लग्न होऊन आले त्या दिवशी ऐकली. नंतर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याबरोबर पुन्हा ऐकली.

निवृत्तीनंतर हे डोळे कॅरमच्या कामी आले. रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये दर वर्षी आमच्या मंडळाची खुली कॅरम स्पर्धा भरायची आणि मुख्य पंच नाना. बाया, पुरुष, कुणीही खेळा. सोंगटी रेषेला टेकली आहे की केसभर बाजूला आहे, ते नानांनी सांगितलं की विषय संपला. अंतिम सामन्याआधी त्यांचा एक रिवाज होता. छापील तक्ता हातात धरून उभं राहायचं आणि स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तशा आवाजात वरची ओळ वाचायची: “खुली कॅरम स्पर्धा, अंतिम सामना!” मग खेळाडूंची नावं. मग “बोर्ड मोकळा!” आणि टाळ्या.

तो छापील तक्ता मी काढून द्यायची. कॉम्प्युटर माझ्या नवऱ्याने, प्रफुल्लने, स्वतःसाठी घेतला होता. पण त्याच्या पाळ्या अशा, की तो घरी असला की झोपलेला असायचा. दुपारी कॉम्प्युटर माझाच. स्प्रेडशीट मला कुणी शिकवलं नाही. एकेक बटण दाबून बघायचं आणि काही बिघडलं तर वीज गेली होती म्हणून सांगायचं, ही माझी शाळा.

या शाळेत हेडर हा धडा अजून झाला नव्हता. मी आपली पानावरची सगळी नावं निवडून त्यांचा फॉन्ट वाढवायची. खालची नावं गुटगुटीत व्हायची, आणि वरची ओळ, जी प्रत्येक पानावर आपोआप छापून येते, ती होती तशीच. उपासाला बसल्यासारखी. सगळ्या वऱ्हाडाला नवे कपडे घ्यावेत आणि नवरदेवाने लेंग्यावर यावं, तसं ते पान दिसायचं.

आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पोह्यांची बशी आणून ठेवली. “पोहे समोर आहेत. लिंबू उजव्या हाताला. मिरच्या काढून टाकल्यात.”

“मला काय दिसत नाही का?” नाना म्हणाले.

“मी कुठं तसं म्हटलं?” आई म्हणाल्या आणि जाता जाता लिंबाची फोड हळूच आणखी एक बोट आत सरकवून गेल्या. मी बशीकडे बघत राहिले. नानांनी पोह्यांत लिंबू पिळलं, म्हणजे बरंचसं पोह्यांत आणि थोडंसं माझ्या तक्त्यावर.

असं आमच्या घरात दीडेक वर्ष चाललं होतं. कुणी काही म्हणत नव्हतं. फक्त सगळे जण एकदम बोलके झाले होते. “नाना, पायरी!” “नाना, मी प्रफुल्ल.” “नाना, हे दार, खिडकी तिकडे.” वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची, कारण काय, तर माझा आवाज छान आहे. माझा आवाज छान आहे हे त्याआधी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

आणि हे आमच्या घरापुरतं नव्हतं. सगळा हॉल बोलका झाला होता. उपांत्य फेरीत लोको शेडमधला इरफान शेख खेळत होता. राकट बोटांचा, पण त्याच्या हातून स्ट्रायकर लोण्यावरून जावा तसा जायचा. त्याने मारलं, सोंगटी गेली, की तो स्वतःच ओरडायचा, “काळी गेली नाना, डावा कोपरा!” हात चुकून रेषेपुढे गेला तर, “नाना, मेरा फाऊल! मेरा!” समोरचाही कमी नाही. “नाना, माझ्या स्ट्रायकरने पण उडी मारली बरं का!” एरवी फाऊल लपवण्यासाठी जिवाचं रान करणारी माणसं, पण आमच्या हॉलमध्ये आपला फाऊल आधी कोण सांगतो याची स्पर्धा. नाना भारदस्तपणे मान डोलवायचे. “दिसलं. दिसलं मला.” आणि प्रेक्षक खाली मान घालून हसू दाबायचे. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

घोटाळा झाला तो अकोल्याच्या ज्योत्स्ना बुटेमुळे. ही शाळामास्तरीण, जाड भिंगांचा चष्मा, गालावर खळी, आणि खेळ असा की आमच्या भल्याभल्यांना तिने पाणी पाजलं. ती बाहेरगावची. तिला आमची रीत कोण सांगणार? तिच्या सामन्यात एकदा तिचा तळवा चांगला रेषेपलीकडे टेकला. ती थांबली. नानांकडे बघितलं. नाना शांत. सगळा हॉल शांत. तिने खांदे उडवले आणि पुढचा फटका मारला. सामना संपल्यावर ती मंडळाच्या चिटणिसांना, झांबरेकाकांना, म्हणाली, “तुमचे पंच फार दयाळू आहेत हो.”

झांबरेकाका तडक आमच्या स्वयंपाकघरात आले. नाना बाहेर रेडिओ ऐकत होते.

“उद्या फायनल. इरफान आणि ती अकोल्याची,” काका कुजबुजले. “ती काही स्वतःहून सांगायची नाही. आणि का सांगावं? उद्या भर हॉलमध्ये नानांचा निर्णय चुकला आणि तिने हरकत घेतली, तर नानांचं काय राहिलं? वहिनी, तुम्ही सांगा त्यांना.”

“मी?” आई भाकरी थापायच्या थांबल्या. “त्यांचे डोळे. त्यांना दिसेल तेव्हा दिसेल.”

“प्रफुल्ल, तू सांग.”

“काका, मला उद्या पहाटेची पाळी आहे,” प्रफुल्ल म्हणाला. नसलेली पाळी त्याने तिथल्या तिथे लावून घेतली.

“मग हेमा. हेमाचं ऐकतात ते.”

“माझं फक्त हेडरबद्दल ऐकतात,” मी म्हटलं.

“मग तुम्हीच सांगा ना, भाऊजी,” आई झांबरेकाकांना म्हणाल्या.

काकांनी पाण्याचा तांब्या उचलला, सगळा पिऊन टाकला, आणि म्हणाले, “बघतो. येतो मी.” आणि मागच्या दाराने गेले.

मग मला जे जमतं ते मी केलं. सासऱ्यांना सांगण्यापेक्षा फॉन्ट मोठा करणं सोपं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डिक्शनरी मांडीवर घेऊन मी त्या मशीनची सगळी मदतीची पानं वाचून काढली, आणि सापडलं! हेडरची चौकट वेगळी उघडायची, आणि अक्षरांच्या आधी ‘अँड’ची ती खूण, ती गाठ मारल्यासारखी, तिच्यापुढे आकडा. चोवीस लिहिलं की अक्षरं चोवीसची. इतकं साधं! मी खुर्चीत बसल्या बसल्या नाचले. हेडरच्या तीन चौकटींपैकी मधली सोडून मी डावी घेतली, कारण वाचणारा माणूस डावीकडून सुरुवात करतो. नानांना शोधायला लागू नये. छापून बघितलं. ‘खुली कॅरम स्पर्धा, अंतिम सामना’. एकेक अक्षर लाडवाएवढं. नानांना दाखवलं.

त्यांनी कागद धरला. जरा वेळ लागला. मग म्हणाले, “आता कसं! हेच मी सांगत होतो. डोळ्यांत काही नसतं गं, छापणाऱ्याच्या मनात असावं लागतं.”

मी इतकी खूश होते, की हे वाक्य मला चक्क शाबासकी वाटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंचविसावं वर्ष, म्हणून झांबरेकाकांनी थाट केला होता. दारात रांगोळी, बोर्डावर टांगलेल्या दिव्याला झेंडूची माळ, बोरिक पावडरचा नवा कोरा डबा. आणि सगळ्यात मोठा थाट म्हणजे मी. माझा कॉम्प्युटर आणि प्रिंटर हातगाडीवरून आणून स्टेजखाली टेबलावर मांडला होता. तक्ता सर्वांच्या समोर, ताजा ताजा छापून निघणार आणि नाना तो वाचणार. भुसावळात हे पहिल्यांदाच, असं काकांनी माईकवरून निदान चारदा सांगितलं.

नाना इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पंचांच्या खुर्चीत बसले होते. आई बायकांमध्ये पहिल्या रांगेत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. इरफान बोटं मोडत होता. ज्योत्स्ना चष्मा पुसत होती.

मी छापण्याची आज्ञा देणार, तेवढ्यात काका डोक्यावर येऊन उभे. “थांब थांब! यात रौप्यमहोत्सव कुठंय? सुरुवातीला पंचवीस घाल. ‘पंचविसावी’ दिसली पाहिजे!”

“काका, आता?”

“एक आकडा तर टाकायचाय! लोक थांबलेत.”

मी हेडरची चौकट उघडली आणि चोवीसला लागून घाईघाईने 25 टाकले, पुढे ‘वी’. आधी पडद्यावर बघून घ्यावं म्हटलं, तर काकांनी माईकमधून “एक, दोन, तीन!” सुरूही केलं. मी बटण दाबलं.

प्रिंटर घरघरला. कागद बोटभर बाहेर आला. त्यावर एक काळी कमान.

“छत्री आहे,” पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं.

“छत्री कशी असेल? हत्तीची सोंड आहे. गणपती काढला असेल वहिनींनी, शुभकार्य म्हणून.”

प्रिंटर पुन्हा घरघरला. कागद आणखी थोडा आला. कमानीखाली एक जाडजूड आडवा पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत.

“पूल! तापीचा पूल आहे!”

“अरे, शाई बघ किती पितोय. उन्हाळ्यातल्या म्हशीसारखा.”

मी बटणं दाबत सुटले. प्रिंटर काही थांबेना. तो आता मजेत आला होता, डावीकडून उजवीकडे काळं फासत चालला होता. हॉल उठून उभा राहिला. मागचे बाकांवर चढले. कागद सुळकन बाहेर पडला आणि माझ्या हातात आला, ओला, जड. सगळं पान व्यापून एकच अक्षर: वी. वरच्या ओळीतली बाकीची अक्षरं पानाबाहेरच राहिलेली.

त्या ‘वी’च्या पोटात आणि पायाशी, उरलेल्या पांढऱ्या जागेत, इरफानचं नाव, ज्योत्स्नाचं नाव, बाकीचं सगळं नेहमीच्या आकारात, दडून बसलेलं.

“पंचवीस कुठं गेले?” काका माईकमधूनच ओरडले.

“मशीनने खाल्ले, काका!” मी म्हटलं. काय झालं ते तेव्हा कळलं. चोवीसला पंचवीस चिकटले आणि मशीनने ते सगळे आकडे मिळून अक्षराचा आकार समजला. दोन हजार चारशे पंचवीस! मग पानात मावेल तेवढं त्याने फुगवलं. मध्ये एक मोकळी जागा सोडायची असते. आता कुणी झोपेत विचारलं तरी सांगेन.

“रौप्यमहोत्सव गिळला!” इरफान म्हणाला आणि खाली बसला, कारण हसून त्याला उभं राहवेना. मग जे हसू फुटलं ते सबंध हॉलभर पसरलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. काका माईकवर हसत होते, त्यामुळे ते हसू बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही ऐकू गेलं. मी लाजेने अर्धमेली, आणि तरी मलाही आवरेना. कागद दोन्ही हातांनी उंच धरून मी हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आणि नाना उठले.

पंचांची खुर्ची माझ्यापासून चांगली दूर होती, बोर्डाच्या पलीकडे. तिथून त्यांनी कागदाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी तसा कित्येक दिवसांत बघितला नव्हता. डावा तळवा त्यांनी डाव्या डोळ्यावर ठेवला, मेडिकलला ठेवायचे तसा. छाती पुढे काढली.

“वी!” ते गरजले. “दीर्घ!”

टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी ओरडलं, “नाना पास! ए-वन!” नानांनी वाकून नमस्कार केला. पदराने डोळे पुसत आई हसत होत्या, आणि त्यांचं हसणं जरा जास्तच वेळ चाललं.

ज्योत्स्नाही टाळ्या वाजवत होती. त्या पोरीच्या मनात काही नव्हतं. तिने आपल्या जाड चष्म्यावर बोट ठेवलं आणि खळखळून म्हणाली, “अगदी डोळ्यांच्या दवाखान्यातला तक्ता झालाय हो! नाना, चला, आता खालची ओळ वाचा!”

वीज गेल्यावर पंखा थांबतो तसं हसू थांबलं. आधी पुढच्या रांगेतलं, मग मधलं, मग सगळ्यात शेवटी बाकांवर उभ्या असलेल्यांचं. ज्योत्स्ना गोंधळून सगळ्यांकडे बघायला लागली.

नानांनी तळवा डाव्या डोळ्यावरून काढला आणि उजव्यावर ठेवला. बघितलं. पुन्हा बदलला.

“इरफान शेख,” मागून हलक्या आवाजात इरफान म्हणाला. “विरुद्ध, ज्योत्स्ना...”

“इरफान,” नाना त्याच्याकडे न बघता म्हणाले, “मेडिकलला कॉपी चालत नाही.”

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. नाना बोर्डाला वळसा घालून माझ्याकडे आले. वाटेत झांबरेकाकांची खुर्ची होती. काकांनी ती चटकन बाजूला घेतली. माझ्यासमोर उभं राहून नानांनी कागद माझ्या हातून घेतला नाही, मी धरला होता तिथेच त्यावर वाकले. त्यांच्या नाकाच्या शेंड्याला ओली शाई लागली. एवढ्या जवळून मी त्यांचे डोळे पहिल्यांदाच बघत होते. वरून दुधावर साय धरावी तसे.

“हेमा,” ते हळू म्हणाले, “वरचं केवढं केलंस?”

“चोवीस करायचं होतं नाना. हजारांत गेलं.”

“आणि खालचं?”

“खालचं नेहमीचं. चौदा.”

“चौदा म्हणजे बारीक ना? मुंग्यांएवढं?”

मी नुसतं ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. आई पहिल्या रांगेतून माझ्याकडे बघत होत्या, काका बघत होते, प्रफुल्ल दाराशी उभा होता, ती नसलेली पहाटेची पाळी करून आलेला. ‘हो’ म्हटलं असतं तर नवीन कागद निघाला असता, अठ्ठावीसचा, बत्तीसचा. दीड वर्ष मी तेच तर करत आले होते.

“नाही, नाना,” मी म्हटलं. “चौदा चांगलं मोठं असतं. वाचता येतं.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

त्यांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून नाक पुसलं, म्हणजे शाई गालावर आणखी पसरली. मग इरफानचा दंड धरून त्याला शेजारी उभं केलं, दुसऱ्या हाताने ज्योत्स्नाला जवळ बोलावलं, आणि हॉलकडे तोंड केलं. माईक त्यांना कधीच लागला नाही.

“खुली कॅरम स्पर्धा, पंचविसावं वर्ष, अंतिम सामना!” ते स्टेशनच्या आवाजात म्हणाले. “इरफान शेख विरुद्ध ज्योत्स्ना बुटे. बोर्ड मोकळा. पंच मात्र दुसरा बसेल. सूनबाईचा फॉन्ट बरोबर आहे. मला दिसत नाही.”